कल्याणमित्र : मैत्रीचा अर्थ, परंपरा आणि कसोटी

स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम जुनी छायाचित्रे शोधतो, हा आमचा अनुभव आहे. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर तीन रांगांत उभी असलेली मुले, मध्यभागी गुरुजी, मागे नुकतीच चुना दिलेली भिंत. माजी विद्यार्थी त्या छायाचित्रावर बोट ठेवून आधी स्वतःला शोधतात आणि लगेच शेजारी कोण उभा होता ते पाहतात. गुणपत्रिकेतील गुण पुढे आठवत नाहीत. पण तापात फणफणत असताना रात्री पाणी कोणी आणून दिले, घरून आलेला डबा कोणी वाटून खाल्ला, हे तीस वर्षांनीही स्मरते. निवासी शाळेत पाठ्यक्रमाबाहेर जे शिक्षण मिळते, त्याचा मोठा भाग मैत्रीचा असतो. म्हणून या प्रसंगी मैत्री या विषयाचा थोडा अभ्यास मांडावा असे आम्हाला वाटले. निरनिराळ्या संस्कृतींनी मैत्रीकडे कसे पाहिले, भगवान बुद्धांनी तिला कोणते स्थान दिले आणि जातीने विभागलेल्या समाजात तिची खरी कसोटी कोणती, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

शब्दांची साक्ष

प्रथम शब्द पाहू. संस्कृतातील 'मित्र' पालीत 'मित्त' होतो आणि त्यापासूनच 'मेत्ता', म्हणजे मैत्री, हा शब्द बनतो. एका माणसाशी असलेले नाते आणि साऱ्या जीवांविषयीची भावना, या दोन्हींसाठी एकाच मुळाचे शब्द वापरले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मराठीने मैत्रीसाठी पुष्कळ शब्द सांभाळले आहेत. वाटेत साथ देणारा तो सोबती, खेळातला तो सवंगडी किंवा गडी, जिवाला जीव देणारा तो जिवलग. 'दोस्त' आणि 'यार' हे शब्द फारसीतून आले आणि इतके रुळले की ते परके वाटत नाहीत. शब्दांच्या बाबतीत आपल्या भाषेने कधी सोवळे पाळले नाही. माणसांच्या बाबतीत मात्र समाजाने ते पाळले. त्याचा विचार पुढे येईलच.

ग्रीकांचा विचार

ग्रीक भाषेत मैत्रीला 'फिलिया' म्हणत. या शब्दाचा आवाका मोठा होता; आईबापांचे लेकरांवरील प्रेम आणि एका नगरातील नागरिकांचा परस्पर जिव्हाळाही त्यात येई. इ.स.पू. चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने आपल्या 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथाच्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा असे दोन भाग मैत्रीला दिले. त्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. पहिली उपयोगासाठी केलेली, दुसरी आनंदासाठी केलेली आणि तिसरी एकमेकांच्या सद्गुणांवर उभी असलेली. पहिल्या दोन लवकर तुटतात, कारण उपयोग संपतो आणि आवडी बदलतात. तिसरी टिकते, पण ती दुर्मीळ असते आणि जुळायला वेळ लागतो. नगरे मैत्रीने एकत्र बांधलेली असतात, म्हणून कायदे करणारे न्यायापेक्षाही मैत्रीची अधिक काळजी घेतात, असे त्याचे मत होते.

हा विचार थोर आहे. पण याच ग्रंथात अॅरिस्टॉटलसमोर एक अडचण उभी राहते. गुलामाशी मैत्री होऊ शकते काय? त्याचे उत्तर असे की, गुलाम हा गुलाम म्हणून पाहिला तर त्याच्याशी मैत्री शक्य नाही. तो माणूस म्हणून पाहिला तर शक्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाला सत्य दिसले होते. गुलामगिरी असेल तेथे मैत्री टिकत नाही, हे त्यानेच नोंदवले. मग ती गुलामगिरीच मोडावी, हा पुढचा निष्कर्ष मात्र त्याने काढला नाही. विषमता जशीच्या तशी ठेवून मैत्रीचे गुण गाणे ही केवळ आपल्या देशाची खोड नाही, एवढे यावरून समजते.

चीनची परंपरा

चीनमधील कन्फ्यूशियस परंपरेने माणसाची पाच नाती सांगितली : राजा आणि प्रजानन, पिता आणि पुत्र, पती आणि पत्नी, थोरला आणि धाकटा भाऊ, आणि मित्र. पहिल्या चारही नात्यांत एक वर आणि एक खाली असतो. पाचव्या नात्यात तशी उतरंड असण्याचे कारण नसते. कन्फ्यूशियसने हितकारक मित्र तीन प्रकारचे सांगितले : सरळ बोलणारा, विश्वासू आणि बहुश्रुत. खुशामत करणारा, वाऱ्याप्रमाणे वाकणारा आणि गोड बोलणारा हे तीन घातक.

चीनमध्ये जिवलग मित्रासाठी एक सुंदर शब्द आहे. त्याचा अर्थ 'सूर ओळखणारा' असा होतो. त्यामागे बो या नावाच्या वादकाची प्राचीन कथा आहे. तो वाजवताना मनात पर्वत आणी, तर त्याचा मित्र झीछी याला पर्वत ऐकू येई. तो वाहते पाणी मनात आणी, तर मित्राला पाणी ऐकू येई. झीछी मरण पावला तेव्हा बो याने आपल्या वाद्याच्या तारा तोडल्या आणि पुन्हा कधी वाजवले नाही. पुढच्या काळातील कथांत हा झीछी साधा लाकूडतोड्या आहे. दरबारातील वादकाचा सूर रानातल्या लाकूडतोड्याने ओळखावा, ही कल्पना लोकांना आवडली यात नवल नाही.

चीन आणि भारत यांच्यामधील मैत्रीचा एक लेखी पुरावाही उपलब्ध आहे. ह्युएनत्संग हा भिक्खू सातव्या शतकात भारतात आला, नालंदा महाविहारात आचार्य शीलभद्रांपाशी शिकला आणि इ.स. 645 मध्ये मायदेशी परतला. त्यानंतर बोधगयेच्या महाबोधी विहारातील प्रज्ञादेव या स्थविराने त्याला पत्र आणि वस्त्राची भेट पाठवली. ह्युएनत्संगाने इ.स. 654 मध्ये उत्तर लिहिले. शीलभद्रांच्या निधनाची वार्ता ऐकून झालेले दुःख त्याच्या पत्रांत आहे. सिंधू नदी ओलांडताना वाहून गेलेल्या ग्रंथांची यादीही त्याने पाठवली आणि ते ग्रंथ मिळाले तर धाडावेत अशी विनंती केली. विशेष म्हणजे प्रज्ञादेव आणि ह्युएनत्संग यांच्यात कनौजच्या सभेत कडाक्याचा वाद झाला होता. एक हीनयानाचा पंडित, दुसरा महायानाचा. वाद मिटला नव्हता, तरी स्नेह टिकला. हजारो मैलांचे अंतर आणि मतभेद या दोहोंना पुरून उरणारी ही मैत्री आहे. याच ह्युएनत्संगाने महाराष्ट्रालाही भेट दिली होती. येथील लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत आणि संकटातल्या माणसाने हाक दिली तर स्वतःला विसरून धावतात, अशा आशयाची नोंद त्याने करून ठेवली आहे.

मितान आणि मीत

ग्रंथांबाहेर लोकजीवनातही मैत्रीची परंपरा आहे. महाराष्ट्राला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये 'मितान' बदण्याची रीत आहे. दोन व्यक्ती विधीपूर्वक मित्र होतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशी या नात्याला नावे आहेत आणि पुढे ते एकमेकांना मूळ नावाने न हाकारता त्या नावाने हाक मारतात. एकाचे आईबाप दुसऱ्याचे आईबाप होतात. सुखदुःखात दोन्ही घरे उभी राहतात. नेपाळमध्ये अशाच नात्याला 'मीत' म्हणतात. ही नाती पुष्कळदा दोन वेगळ्या जातींतील माणसांमध्ये जोडली जातात. जात ओलांडण्याची इच्छा सामान्य माणसाच्या मनात नेहमीच होती, याचे हे प्रमाण होय. परंतु एका मितानामुळे दोन माणसे जवळ येतात, दोन जाती जवळ येत नाहीत. विधी संपला की गावाची रचना पूर्वीसारखीच राहते. ही त्या सुंदर रीतीची मर्यादा आहे.

तथागतांचा उपदेश

आता धम्माकडे वळू. संयुत्त निकायातील एका सुत्तात आनंद तथागतांना म्हणतो की, कल्याणमित्रांची संगत म्हणजे अर्धे धम्मजीवनच होय. तथागत त्याला थांबवतात आणि सांगतात की ते अर्धे नव्हे, संपूर्ण धम्मजीवन आहे. ज्या मार्गात प्रत्येकाने स्वतः चालायचे आहे, त्या मार्गाचे सर्वस्व मैत्रीत सांगितले गेले, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. पण कोणताही तारणहार नसलेल्या धम्मात माणसाला आधार माणसाचाच असणार. चालायचे स्वतः, पण चुकीच्या वाटेवरून मागे बोलावणारा कोणीतरी हवा.

गृहस्थांसाठी दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहातील सिगाल हा गृहपतिपुत्र ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. तथागतांनी त्याला सांगितले की, आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण ह्या खऱ्या दिशा आहेत. त्यांत उत्तर दिशा मित्रांची. मित्राच्या वेषातील शत्रू चार : नुसते घेणारा, नुसते बोलणारा, खुशामत करणारा आणि नाशाच्या वाटेवर साथ देणारा. खरे मित्रही चार : उपकार करणारा, सुखदुःखात समान राहणारा, हिताचे सांगणारा आणि कळवळा असणारा. मित्राशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी तेथे सांगितल्या आहेत : देणे, प्रिय बोलणे, हिताचे करणे, त्याला आपल्यासमान मानणे आणि शब्दाला जागणे. यांतील चौथ्या गोष्टीला पालीत 'समानत्तता' म्हणतात. समतेशिवाय मैत्री नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले आहे.

आणि हा उपदेश केवळ शब्दांचा नव्हता. विनयपिटकातील चुल्लवग्गात शाक्य कुमारांच्या प्रव्रज्येची हकीकत आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी कुमार उपाली या न्हाव्यासह तथागतांकडे आले. कुमारांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. त्याप्रमाणे झाले. काल जो केस कापत होता, त्याच्यापुढे राजकुमार वाकले. त्यानंतरच संघात त्यांचे सहजीवन सुरू झाले. आधी उतरंड मोडली, मग मैत्री उभी राहिली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

सारिपुत्त आणि मोग्गलान यांची मैत्री तर आदर्श मानावी अशी. उपतिस्स आणि कोलित या नावांचे हे बालमित्र. ज्याला आधी सत्य सापडेल त्याने दुसऱ्याला सांगावे, असा त्यांचा करार होता. अस्सजी भिक्खूकडून धम्माचे सार ऐकताच उपतिस्स तडक कोलिताकडे गेला. मिळालेले ज्ञान स्वतःपुरते ठेवावे असे त्याच्या मनातही आले नाही. 1851 मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांना सांचीच्या स्तूपात या दोघांच्या अस्थी मिळाल्या. त्या इंग्लंडला नेल्या गेल्या आणि परत आल्यावर 1952 मध्ये सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाल्या. आजही त्या एकत्र आहेत.

बडोद्याचा उंबरठा

मैत्रीच्या इतिहासातील सर्वांत कठोर प्रकरण मात्र आपल्या अगदी जवळचे आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. त्यांना दोन मित्र आठवले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र मनाने उमदा. ऐकून तो दुःखी झाला, संतापलाही. पण आपण घरी आलात तर नोकर निघून जातील, एवढे एक वाक्य तो बोलला. बाबासाहेब समजून गेले. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते आणि पत्नीचे जुने संस्कार सुटलेले नव्हते. बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

या दोन मित्रांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. बाबासाहेबांनी ते म्हटले नाही. त्यांचे प्रेम खरे असेल. पण ते मनात होते, घराच्या उंबरठ्यापर्यंतच त्याला परवानगी होती. जातीने मित्राचे हृदय बंद केले नव्हते, दार बंद केले होते. आणि ज्याला रात्र काढायची आहे, त्याला दार लागते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1920 मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि नवल भथेना या अमेरिकेतील सहाध्यायी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. भथेना पारशी होते. बडोद्यात लाठ्या घेऊन आलेला जमावही पारशीच होता. म्हणून समाजावरून माणूस मोजू नये, आणि एका भल्या माणसामुळे समाज बदलला असेही मानू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

बंधुता म्हणजे मैत्रीच

बाबासाहेबांच्या विचारात मैत्री खाजगी राहिली नाही, ती सामाजिक तत्त्व झाली. 1936 च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे असे मांडले. स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणारी भावना सांगताना, फ्रेंच क्रांतीचा 'बंधुता' हा शब्द अपुरा आहे, योग्य शब्द बुद्धांचा 'मैत्री' हा होय, असे त्यांनी लिहिले. संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता हे मूल्य मसुदा समितीने समाविष्ट केले. आधीच्या उद्दिष्टांच्या ठरावात ते नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला. करुणा मनुष्यमात्रापुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. कायदा अन्यायाला शिक्षा करू शकतो. पण शेजारच्या पाटावर मनापासून बसण्याची सक्ती कायदा करू शकत नाही. ते काम मैत्रीचे आहे.

आमचा स्वतःचा उंबरठा

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही तालुक्याच्या गावी शिकत असताना आमचा एक मित्र होता. दोघांत मिळून इतिहासाचे एकच पुस्तक होते. एकदा परीक्षेआधी त्याच्या घरी अभ्यासाला गेलो. ओट्यावर चहा आला. चहा झाल्यावर आतून आवाज आला, कपबशी विसळून तिथेच कोपऱ्यात ठेवायला सांग. मित्राने मान खाली घातली. आम्ही कपबशी विसळली आणि ठेवली. पुढे त्या विषयावर दोघेही कधी बोललो नाही, आणि मैत्री हळूहळू विरून गेली. पुष्कळ वर्षे आम्ही त्यालाच दोष देत होतो. सिगालोवाद सुत्त शिकवता शिकवता एक दिवस लक्षात आले की, हिताचे सांगणारा तो खरा मित्र, हे कर्तव्य आमच्यावरही होते. त्याच्याशी बोलायला हवे होते. कदाचित त्याचे दार उघडले असते, कदाचित नसते. पण प्रश्न तरी दारावर टकटक करून गेला असता.

दुसरा प्रसंग अधिक जवळचा आणि अधिक बोचरा. आम्ही वसतिगृहाची जबाबदारी पाहत असताना एक पालक कार्यालयात आले. मुलाची खोली बदलून द्या, म्हणाले. कारण विचारता आवाज खाली आणून त्यांनी सोबतच्या मुलाच्या जातीचा उल्लेख केला. ते गृहस्थ आपलेच धम्मबंधू होते, दरवर्षी चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाणारे. आम्ही काही बोलण्याआधी दारात उभा असलेला मुलगाच म्हणाला, "बाबा, मला टायफॉईड झाला तेव्हा यानेच पेज भरवली. मी याच खोलीत राहणार." पालक गप्प झाले. खोली बदलली नाही. रुग्ण भिक्खूची शुश्रूषा स्वतः करून तथागतांनी भिक्खूंना दिलेला धडा आम्ही अनेकदा वर्गात सांगितला होता. त्या मुलाला तो सांगावा लागला नाही. तो खोलीतच शिकला होता.

जो उंबरठा बडोद्यात बाबासाहेबांसमोर आडवा आला, तो आपल्याही घरात असू शकतो. पोटजात पाहून सोयरीक करणारे, भटक्या किंवा आदिवासी मुलाला पाहुणा म्हणून घरी आणताना कचरणारे आपल्यातही आहेत. दुसऱ्याच्या दाराविषयी बोलण्याचा अधिकार आपले दार उघडे ठेवूनच मिळतो.

माजी विद्यार्थिनींविषयीही एक शब्द. क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी 1856 साली नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या अनुपस्थितीत फातिमाला किती कष्ट पडत असतील, याची काळजी व्यक्त केली आहे. आजारपणात माहेरी असतानाही सहकारी मैत्रिणीची आठवण ठेवणारी ही मैत्री कामातून उमलली होती. आज आमच्या अनेक मुली लग्नानंतर मैत्रिणींपासून तुटतात. नवऱ्याचे मित्र घरी येतात, बायकोच्या मैत्रिणी येत नाहीत. पालकांनी आणि पतींनी याचा विचार करावा. मित्रांची दिशा स्त्रीलाही आहे.

मित्रहो, वर्धापनाच्या दिवशी आपण एकत्र जमतो, जेवतो, छायाचित्रे काढतो. ते अवश्य करावे. पण परत जाताना प्रत्येकाने एक काम सोबत न्यावे, अशी आमची विनंती आहे. जुन्या खोलीतील असा एक सोबती शोधावा की ज्याची गेल्या कित्येक वर्षांत विचारपूस झाली नाही. जो मागे पडला, कर्जात आहे, व्यसनात आहे, किंवा केवळ संकोचाने येत नाही. त्याच्या घरी जावे, त्याच्या ताटात जेवावे आणि त्याला आपल्या घरी आणावे. सारिपुत्ताने मोग्गलानाला शोधत जे केले, तेच हे आहे. सापडलेली वाट ज्याला मित्रापर्यंत पोहोचवावीशी वाटते, तो कल्याणमित्र.

नमो बुद्धाय. जय भीम.